हेंटींचं अतिक्रमण आणि ती ‘ओसाड’ जमीन

मेलबर्नच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक पोस्ट दर काही महिन्यांनी फिरून येते. तिचा गोषवारा असा: १८३४ साली एडवर्ड हेंटी नावाचा चोवीस वर्षांचा तरुण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला पोर्टलंडच्या ओसाड किनाऱ्यावर सगळ्यांत पहिला उतरला. खिशात काही नव्हतं, सरकारकडे हात पसरला नाही. नांगर धरला आणि त्यातून आजचं व्हिक्टोरिया राज्य उभं राहिलं. शेवटी ‘आपणही स्थलांतरितच, काही शिकू या’ ही पुस्ती आणि दोन-चार नमस्कार.

साल बरोबर आहे, वयही. १९ नोव्हेंबर १८३४ला एडवर्ड ‘थिसल’ नावाच्या जहाजातून पोर्टलंडच्या उपसागरात उतरला, हे खरं. बाकीचं तपासू.

खिशात काही नव्हतं म्हणे. एडवर्डचे वडील थॉमस हेंटी इंग्लंडमधल्या ससेक्सचे बडे शेतकरी. मेरिनो मेंढ्यांच्या पैदाशीत त्यांचं नाव होतं, घराण्याचा बँकेचा व्यवसायही होता. मुलगे बरेच, आणि इंग्लंडात एवढ्या सगळ्यांना पुरेल अशी जमीन मिळणं कठीण. म्हणून १८२९ साली तिघे मुलगे मेंढ्या आणि करारावर घेतलेले नोकर घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान नदीवर गेले. सोबत नेलेल्या भांडवलाच्या हिशेबाने त्यांना तिथे ८४ हजार एकरांहून जास्त जमीन मिळणार होती. रिकाम्या खिशाने निघालेल्या माणसाला कुठलं सरकार असा हिशेब लावून देतं?

ती जमीन निकृष्ट निघाली. मग कुटुंबाने टास्मानियाकडे, तेव्हाच्या व्हॅन डीमन्स लँडकडे मोहरा वळवला. पण १८३१मध्ये इंग्रज सरकारने वसाहतीत जमीन फुकट वाटणं बंद केलं होतं, आता ती विकत घ्यावी लागणार होती. थॉमसरावांचा सगळा हिशेब इथे बिघडला, आणि समुद्रापलीकडच्या पोर्टलंडवर नजर गेली ती त्यामुळे.

‘सरकारकडे हात पसरला नाही’ हे वाचून तर मला हसू आलं. हेंटींनी लंडनला अर्जांवर अर्ज केले: स्वानची जमीन बदलून द्या, पोर्टलंडला विकत द्या. मंजुरी आली नाही. तरी एडवर्ड गेला आणि डिसेंबरात धाकटा फ्रान्सिसही मेरिनो मेंढ्या घेऊन पोचला. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे: अतिक्रमण. आणि आपल्याकडे पुढे जे होतं तेच तिथेही झालं. आधी घर बांधलं, मग ते नियमित करा म्हणून मागे लागले. १८४० साली सरकारने पोर्टलंडचे भूखंड लिलावात काढले, तेव्हा हेंटींनी केलेल्या सुधारणांच्या भरपाईसाठी वर्षानुवर्षं कागद रंगवले. पुढे एडवर्ड स्वतःच विधानसभेत निवडून गेला.

‘पहिला’ या शब्दावर फार वेळ घालवत नाही. विल्यम डटनसारखे सील आणि देवमाशांची शिकार करणारे दर्यावर्दी त्या किनाऱ्यावर एडवर्डच्या आधीपासून होते. हेंटींनी पहिली कायमची गोरी वस्ती केली, असं म्हणा, माझी हरकत नाही. हेंटीही नुसता नांगर धरून बसले नाहीत. देवमाशांच्या धंद्यात तेही उतरले.

खरा घोळ आहे ‘ओसाड’ या शब्दात. पोर्टलंडपासून गाडीने तासाभराच्या आत लेक काँडा लागतं. बुज बिम या ज्वालामुखीचा लाव्हा इथे पसरून थिजला. त्या काळ्या खडकांतून इथल्या मूळ रहिवासी गुंडिजमारा लोकांनी चर खोदले, दगडी बांध घातले, अरुंद तोंडाशी विणलेल्या लांबट टोपल्या लावल्या. पाणी वाढलं की वाम मासे चरांतून आत येत, खाचरांत ठेवून वाढवले जात आणि हवे तेव्हा टोपलीत अडकत. यातले सर्वांत जुने चर सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचे आहेत. शेजारी गोल दगडी घरांचे पाये आहेत. चराच्या काठावर वाकून पाहिलं तर दगड नुसते पडलेले नाहीत, एकावर एक बसवलेले आहेत, हे कुणीही सांगेल. कोकणात ज्याने पावसाआधी बांध घातलेला पाहिलाय, त्याला तर नक्कीच कळेल. २०१९मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली.

यावर ग्रुपमधल्या एका काकांचं उत्तर होतं: ‘पण कागद कुठे होता त्यांच्याकडे?’ काका, गावच्या गायरानाच्या सातबाऱ्यावरही कुणा एकाचं नाव नसतं. म्हणून ते बेवारस होतं का? आणि कागदाचंच म्हणाल, तर हेंटींकडे तरी कुठे होता?

आता अवघड भाग. पोर्टलंडजवळच्या एका किनाऱ्याचं नाव आहे कन्व्हिन्सिंग ग्राउंड, म्हणजे ‘पटवून दिल्याची जागा’. १८३३ किंवा १८३४ साली किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशावरून शिकारी आणि गुंडिजमारांच्या एका कुळात वाद झाला आणि त्या कुळातले बहुतेक सगळे मारले गेले, असं सांगतात. आकडे ६०पासून २००पर्यंत आहेत आणि काही इतिहासकार शंकाही घेतात. हे हेंटींनी केलं असं मी म्हणत नाही. मात्र १८३५ सालच्या एडवर्डच्या रोजनिशीत हे नाव येतं, अगदी सहज, रोजच्या ठिकाणासारखं.

ऑगस्ट १८३६मध्ये सर्व्हेअर मेजर मिचेल देशाच्या आतल्या भागातून चालत पोर्टलंडला आला. वाटेत पाहिलेल्या हिरव्यागार माळाचं वर्णन त्याने हेंटींना ऐकवलं. दुसऱ्याच वर्षी हेंटींचे कळप वॅनन नदीच्या खोऱ्यात शिरले. मागोमाग इतर आले. १८४०मध्ये त्याच टापूत व्हाइट बंधू या गोऱ्या मेंढपाळांनी मेंढ्या पळवल्याच्या रागातून तिथल्या मूळ रहिवासी जार्डवाजाली लोकांची कत्तल केली. शिक्षा कुणालाच झाली नाही. मेंढ्यांनी चरलेलं रान आणि मारलेली कांगारू हेही कुणाचं तरी अन्न होतं, हे मेंढ्या पळवल्याचा हिशेब मांडताना कुणी धरलं नाही.

हेंटींच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. थिसलवरचा वादळी प्रवास, अनोळखी किनारा, हे सोपं नव्हतंच. एडवर्डचा नांगर पोर्टलंडला जपून ठेवलाय, जाऊन जरूर पाहा. पण मग बुज बिमलाही जा.

आणि पोस्टमधलं आणखी एक वाक्य राहिलं, ‘या मातीने कष्ट करणाऱ्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही.’ लेक काँडाच्या लव्हेट या गुंडिजमारा कुटुंबातले पाच भाऊ पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाकडून लढले आणि पाचही जिवंत परतले. त्यातले चौघे दुसऱ्या महायुद्धातही भरती झाले. त्या युद्धानंतर लेक काँडाच्या मिशनची, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी चर्चने चालवलेल्या वस्तीची जमीन तुकडे पाडून परतलेल्या सैनिकांना वाटली गेली. हर्बर्ट लव्हेटने अर्ज केला होता. तो नाकारला, जमीन गोऱ्या सैनिकांना मिळाली.