चेंडूचा धोका तुमचा, उघड्या खांबाचा कोणाचा?

मुंबईतल्या कुठल्याही टर्फवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावर जा, गेटवर फलक असतोच: ‘स्वतःच्या जबाबदारीवर खेळा. दुखापत झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ मालकाला वाटतं विषय मिटला. पाय मोडलेल्यालाही तसंच वाटतं, म्हणून तो प्लास्टर घालून गप्प घरी बसतो.

विषय मिटत नाही. खेळात जे अंगभूत आहे ते खेळाडूच्या माथी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये गंमत म्हणून तलवारबाजी करणाऱ्या दोघांचं उदाहरण दिलंय: दोघं सज्ञान, नियमांनी खेळतायत, जीव घ्यायचा किंवा गंभीर इजा करायचा हेतू नाही, तर लागलं म्हणून गुन्हा नाही. ऑस्ट्रेलियात इनडोअर क्रिकेट खेळताना एकाच्या डोळ्याला चेंडू लागला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. हेल्मेट दिलं नाही, धोक्याचा फलक लावला नाही, म्हणून त्याने केंद्रचालकावर दावा लावला. 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयात तो हरला. चेंडू डोळ्याला लागू शकतो हे खेळणाऱ्या कोणालाही कळतं, फलक कशाला हवा? निकाल 3 विरुद्ध 2 असा लागला, म्हणजे न्यायमूर्तींनाही ते सोपं गेलं नाही.

पण लाँग ऑनला झेल घेताना फोम नसलेल्या लोखंडी खांबावर कपाळ आपटलं, तर तो क्रिकेटचा धोका कसा? तो मालकाने न केलेल्या खर्चाचा धोका आहे. आणि आपल्याकडच्या टर्फवर मोठ्या दुखापती बऱ्याचदा अशाच होतात.

कुठे काय बिघडतं ते सांगतो. गवताचे पट्टे खाली सीमिंग टेप आणि गोंद लावून जोडलेले असतात. पावसाळ्यात पाणी तुंबलं की गोंद सुटतो, कडा उचलली जाते, बुटाची टाच तिच्यात अडकते. पाय जागच्या जागी आणि शरीर वळलेलं, मग गुडघ्यातला लिगामेंट जातो. गवताच्या पात्यांत वाळू आणि रबराचे दाणे भरलेले असतात. ते पाण्याबरोबर वाहून जातात, गोलपोस्टसमोर आणि बोलरच्या रनअपमध्ये आधी. ते पुन्हा भरावे लागतात, ब्रशने पाती उभी करावी लागतात. हे न केलेल्या टर्फवर पडलात तर खालचं काँक्रीट जाणवतं. खांबांना माणसाच्या उंचीपर्यंत फोम हवा. जाळीच्या क्लॅम्पचे बोल्ट बाहेरच्या बाजूला हवेत. आत आले की हात फाटतो. पावसात सगळ्यात भीती विजेची: प्रकाशझोताच्या खांबाला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल, तर ओल्या हाताने तो खांब धरणाऱ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. यातलं काहीही ‘खेळात लागतंच’ या खात्यात बसत नाही.

एकाच वेळी अनेक सामने चालणाऱ्या मैदानांची गोष्ट याहून अवघड. जानेवारी 2024 मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर 52 वर्षांच्या एका खेळाडूच्या डोक्यात शेजारच्या सामन्यातला चेंडू बसला आणि तो गेला. नोंद अपघाती मृत्यूची झाली. आझाद मैदानावर एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटला पाठ करून उभा असतो, याचं आपण कौतुकच करत आलो. माझ्या मते तिथे ‘धोका माहीत होता’ हा बचाव अर्धाच चालावा. खेळाडू आपल्या सामन्यातला चेंडू बघू शकतो, मागून येणारा नाही. सीमारेषा एकमेकींत घुसवून दोन सामन्यांना परवानगी देणारा आणि ते भरवणारा, दोघांनी ते अंतर ठरवलेलं असतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी लंडनचा एक खटला. 1991 मध्ये मायकेल वॉटसन हा मुष्टियोद्धा लढतीत कोसळला, मेंदूला कायमची इजा झाली. ठोसा लागणं खेळातलंच, पण रिंगपाशी श्वासनलिका मोकळी ठेवून ऑक्सिजन देणारी तज्ज्ञ व्यवस्था नव्हती. त्यासाठी नियम करणारं मंडळ जबाबदार ठरलं. इंग्लंडचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण 32 संघांची नाइट टूर्नामेंट भरवून लाखाचं बक्षीस लावायचं आणि रुग्णवाहिका मात्र नाही, हे इथल्या न्यायाधीशालाही पटवणं कठीण जाईल.

अकादमीतल्या पोरांचं तर बोलूच नका. अज्ञानाने, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, 1903 मध्येच सांगितलंय. बापाने फॉर्मवर सही केली म्हणून एकाच नेटमध्ये दोन फलंदाज उभे करायची मुभा प्रशिक्षकाला मिळत नाही.

आता लागलंच तर काय करायचं. तिथून निघण्याआधी त्या खांबाचा, उचललेल्या जोडाचा फोटो, बाजूला चप्पल किंवा बॅट ठेवून, म्हणजे माप कळतं. दुसऱ्या दिवशी तिथे नवा फोम दिसला तर आश्चर्य नको. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून त्याच रात्री मालकाला व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर ‘अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा’ असं लिहा. कॅज्युअल्टीत ‘खेळताना पडलो’ एवढंच सांगू नका, कशावर आपटलात ते केसपेपरवर येऊ द्या. पुढे सगळं त्या एका ओळीवर तोललं जातं. सोबतच्या दोघांची नावं, बुकिंगचा मेसेज, पैशांची पावती.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार 2 वर्षांच्या आत. राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात ती करता येते. कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जायचं हे भरपाईच्या मागणीवर नाही, मोजलेल्या पैशांवर ठरतं: 1,500 रुपयांच्या बुकिंगसाठी 8 लाखांची भरपाई मागितली तरी जिल्हा आयोगच, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही. बुकिंग कॅप्टनच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारा बाकीचा संघही कायद्याने ग्राहकच. आणि हाड मोडलं असेल तर ती ‘गंभीर दुखापत’ धरली जाते, म्हणजे हलगर्जीपणासाठी पोलिसांकडेही जाता येतं.

तुम्ही दारू पिऊन किंवा चप्पल घालून खेळलात, तर मात्र भरपाई कापली जाईल. ती बरोबरच कापली जाईल.