प्लेऑफचं तिकीट मिळवण्याचा खात्रीशीर मार्ग

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही पुण्याहून, नाशकाहून किंवा लातूरहून एम.एस. करायला अमेरिकेत आलात, पहिल्याच हिवाळ्यात रूममेटच्या नादानं कॉलेजच्या रिंकवर गेलात आणि एकमेकांना काचेवर आपटणारी ती पोरं बघून वेडे झालात. घरी फोन करून सांगितलंत, मी हॉकीचा फॅन झालोय. बाबा खूश. ध्यानचंदांच्या गोष्टी सुरू. 'तशी नाही हो बाबा, बर्फावरची,' असं तुम्ही म्हणालात तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, 'अभ्यास कसा चाललाय?'

आता मार्च उजाडलाय, तुमचं कॉलेज प्लेऑफमध्ये आहे आणि तुम्हाला तिकीट हवंय. मी या उद्योगात सहा हिवाळे घातलेत, तेव्हा माझं ऐका. आपण फॅन आहोत हे तिकीटव्यवस्थेला अजिबात कळू देऊ नका. ही व्यवस्था देणगीदारांसाठी आहे, दलालांसाठी आहे, प्रायोजकाच्या मेव्हण्यासाठी आहे. संघातल्या तिसऱ्या फळीच्या लेफ्ट विंगरच्या गुडघ्याचं काय झालं हे ज्याला ठाऊक असतं, त्याची सोय इथे कुणीही पाहिलेली नाही.

आमच्या कॉलेजचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिकीट खिडकीतल्या बाईंशी मला पुढच्या वर्षीही गोड बोलायचंय. एवढंच सांगतो, की आम्ही अमेरिकेच्या ईशान्येतल्या ईसीएसी नावाच्या बारा कॉलेजांच्या लीगमध्ये खेळतो. तिथे क्वार्टर फायनल वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरच्या रिंकवर होते, तीनपैकी दोन जिंकायच्या. घरच्या रिंकवर म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं असेल. वाटू देऊ नका. या रिंक आपल्या मंगल कार्यालयासारख्या असतात: लग्न सगळ्या गावाचं, खुर्च्या मोजक्या. कॉर्नेलच्या लायनाह रिंकमध्ये जेमतेम सव्वाचार हजार माणसं मावतात. तिकडे मिशिगनचं योस्ट, १९२३ साली बांधलेलं फील्ड हाउस, पुढे १९७३ मध्ये त्यात बर्फ घातला. तिथेही सहा हजारांच्या आतच. या दोन्ही गावांत हॉकीवर जीव टाकणारी माणसं किती, ते विचारू नका.

विद्यार्थ्यांची तिकिटं सकाळी ठीक दहाला ऑनलाइन उघडतात. गणपतीला कोकण रेल्वेचं आरक्षण केलेल्या माणसाला वाटतं, हे तर आपल्या हातचा मळ. मलाही वाटलं होतं. दोन लॅपटॉप, एक फोन, कार्डाचा नंबर तोंडपाठ. दहा वाजून शून्य सेकंदाला बटण दाबलं. पडद्यावर एक चालणारा बारका माणूस आला आणि खाली मजकूर: तुमच्या पुढे २,११४ जण आहेत, कृपया पान ताजं करू नका. पुढची चाळीस मिनिटं मी त्या माणसाकडे बघत होतो. तो चालत होता, पण कुठे पोचत नव्हता. लॅबमधल्या प्रयोगाचं तापमान त्या काळात कुठे गेलं हे मी गाइडला अजून सांगितलेलं नाही.

नंबर लागलाच, तर पैसे भरताना 'सोयीचा आकार' नावाची एक रक्कम लागते. कुणाची सोय, हे विचारायचं नसतं. पूर्वी हा आकार शेवटच्या पानावर उगवायचा आणि भोवळ यायची. १२ मे २०२५ पासून अमेरिकी सरकारनं नियम केला, की तिकिटाची सगळी मिळून किंमत आधीच दाखवली पाहिजे. त्यामुळे आता भोवळ पहिल्याच पानावर येते. तिसरी मॅच 'लागली तर' असते. तिचंही तिकीट काढून ठेवायचं. मॅच लागली नाही तेव्हा मला तिकिटाचे पैसे परत मिळाले, सोयीचा आकार मात्र नाही. बरोबरच आहे म्हणा, सोय तर झालेलीच होती.

नंबर लागला नाही, तर पुनर्विक्री आहे. आपल्याकडे थिएटरच्या कोपऱ्यावर 'सौ का दोसौ' पुटपुटणारा माणूस हवालदार दिसला की पान थुंकून चालू लागायचा. इथे त्याच माणसाचं ॲप आहे, आणि त्यावर 'फॅनकडून फॅनकडे' असं लिहिलेलं असतं. वीस डॉलरचं तिकीट तुम्हाला एकशेसाठला देणारा तो फॅन कोणत्या संघाचा, हे मात्र ॲपवर दिसत नाही.

कायमचा उपाय हवा असेल तर कॉलेजच्या क्रीडा विभागाला देणगी द्या. पुष्कळ ठिकाणी देणगीचे गुण साठतात आणि गुणांप्रमाणे प्लेऑफचा नंबर लागतो. पुण्यसंचयच म्हणा, फक्त पुढच्या जन्माऐवजी तो याच जन्मात पंचविसाव्या वर्षी उपयोगी पडतो. रिसर्च असिस्टंटच्या पगारात वर्षाला पन्नास डॉलर टाकत गेलात, तर तुमच्या नातवाला कोपऱ्यातल्या खांबामागची जागा निश्चित.

आत जाताना काय न्यायचं, हाही एक विषय आहे. पिशवी पारदर्शक लागते, पाण्याची बाटली चालत नाही, डब्याचं तर नावच नको. आणि याच खेळात कॉर्नेलची पोरं हार्वर्ड घरी आलं की कोटाच्या आत मासे लपवून नेतात आणि समोरचा संघ बर्फावर उतरला की अख्खे मासे त्यांच्या अंगावर फेकतात. सांगतात असं, की १९७३ च्या सुमारास हार्वर्डच्या कुणीतरी कॉर्नेलच्या गोलला कोंबडी बांधली होती, शेतकी कॉलेजवाले म्हणून हिणवायला; त्याची ही परतफेड. मालवणी माणसाला हे बघवणार नाही. मी एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो. शेजारच्या मुलानं बाहीतून काढलेला मासा चांगला ताजा होता. दोन तुकड्या सहज झाल्या असत्या.

क्वार्टर फायनल जिंकलात, की खरी परीक्षा. सेमीफायनल आणि फायनल २०१४ पासून लेक प्लॅसिडला होतात, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं ते याच रिंकवर, आणि त्या पोरांचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांचंच नाव आता तिला आहे. तीर्थक्षेत्रच. पण पंढरपूरला निदान मठ आणि धर्मशाळा तरी आहेत. इथे गाव दोन-अडीच हजार वस्तीचं, आणि मार्चच्या त्या शुक्रवारी चार कॉलेजांची माणसं एकदम येतात. हॉटेलवाल्यांनी पावित्र्याचे दर आधीच लावलेले असतात. आपला संघ पोचणार हे कळतं रविवारी, पोचायचं असतं शुक्रवारी. म्हणून जाणकार लोक खोली डिसेंबरमध्येच घेऊन ठेवतात. तेव्हा संघ नवव्या क्रमांकावर असतो. याला श्रद्धा म्हणतात. कार्डवाली कंपनी याला न परतणारं आरक्षण म्हणते.

यापुढे राष्ट्रीय स्पर्धा. सोळा संघ, चार गावं, हरला की घरी. कोणता संघ कोणत्या गावी जाणार हे रविवारी जाहीर होतं आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, बर्फावर पडते. २०२५ मध्ये ही गावं होती अॅलनटाउन, मँचेस्टर (अमेरिकेतलंच), टोलेडो आणि फार्गो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलची रवानगी झाली ओहायोतल्या टोलेडोला. ज्यांनी चार दिवसांत गाडी, खोली आणि प्राध्यापकाला सांगायला एखादी मेलेली आजी जमवली, त्यांनी शेवटच्या काही सेकंदांत मिशिगन स्टेटला ४-३ हरवताना पाहिलं, आणि पुढच्या मॅचला बोस्टन युनिव्हर्सिटीकडून ओव्हरटाइममध्ये ३-२ हरतानाही पाहिलं. बाकीच्यांनी टीव्हीवर पाहिलं. कित्येक वर्षं या फेरीच्या मॅचेसना टीव्हीवर खेळापेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतात. घरच्या रिंकवर खुर्ची नाही म्हणून माणूस रडतो, आणि इथे माणूस नाही म्हणून खुर्ची. दोघांची गाठ घालून देण्याची, म्हणजे ही फेरीही घरच्या रिंकवरच घेण्याची कल्पना अनेकांना सुचलेली आहे. पण म्हणे अशानं यजमान संघाला फायदा होईल. सध्याच्या पद्धतीत निदान कुणालाच होत नाही.

शेवटच्या चार संघांचा सोहळा म्हणजे फ्रोझन फोर. त्याची तिकिटं संघ ठरायच्या कितीतरी महिने आधी विक्रीला निघतात. २०२५ मध्ये सेंट लुइसला वेस्टर्न मिशिगन आयुष्यात पहिल्यांदा फ्रोझन फोरला गेलं, आणि बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असं हरवून विजेतं होऊनच परतलं. त्यांच्या ज्या फॅननं आधीच्या वर्षीच तिकीट काढून ठेवलं असेल, त्याच्याकडून मला लॉटरीचे नंबर हवेत.

इतकं ऐकूनही तुम्ही हटला नसाल, तर एक जमेची बाजू सांगतो. प्लेऑफमध्ये बरोबरी नसते, शूटआउट नसतो. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम. ६ मार्च २०१५ ला मॅसॅच्युसेट्सनं नोत्र दामला पाचव्या ओव्हरटाइममध्ये ४-३ हरवलं, खेळ चालला १५१ मिनिटं ४२ सेकंद. म्हणजे एका तिकिटात अडीच मॅच. मध्यरात्र उलटली, पण आकारासकट पैसे वसूल.

आणि आता ती युक्ती, जिच्यासाठी तुम्ही इथवर आलात. शुक्रवारी संध्याकाळी लेक प्लॅसिडला तिकिटाशिवाय जा. सेमीफायनल संपेपर्यंत समोरच्या दुकानात कॉफी घेऊन बसा. मॅच सुटली की हरलेल्या संघाची माणसं मान खाली घालून बाहेर येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे दोन्ही दिवसांचा पास असतो. शनिवारची फायनल त्यांना डोळ्यांसमोर नको असते. तिथे घासाघीससुद्धा करावी लागत नाही.

मला ही युक्ती कशी कळली? मागच्या वेळी मी बाहेर येणाऱ्यांत होतो. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये आमच्या बचावपटूच्या स्केटला लागून पक आत गेला. बाहेर उणे चौदा होतं. आमच्यावर जिंकलेल्या कॉलेजचा टोप घातलेला एक म्हातारा कॉफीचा कप घेऊन दारातच उभा होता. 'उद्याचं आहे?' त्यानं अगदी हळू, मर्तिकाच्या घरी विचारतात तसं विचारलं. मी हातमोजा काढून फोन बाहेर काढला. तिकीट त्यातच होतं, पाठवायचं म्हणजे त्याचा ईमेल टाइप करायचा. त्यानं एकेक अक्षर सांगितलं, मी बधिर बोटानं एकेक दाबलं. 'पाठवा' दाबणार, तेवढ्यात थंडीनं बॅटरी गेली.

आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. मग त्यानं कप माझ्या हातात दिला, माझा फोन आपल्या काखेत घातला, आणि तो गरम होईपर्यंत आमचा गोलकीपर किती चांगला खेळला ते मला सांगत राहिला.