एका खाटेला सव्वापाच माणसं

वादाला तोंड नेहमीप्रमाणे बाळ्यानंच फोडलं. "पुढची साथ येऊ दे, दहा दिवसांत हजार खाटांचं रुग्णालय बांधून देतो. वुहानमध्ये दिलं की नाही? जानेवारी २०२० संपता संपता खणायला घेतलं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेशंट आत!" बाळ्या बांधकामातला. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला स्लॅबमध्येच दिसतं.

सिस्टर हसली, पण बोलली नाही. कट्ट्यावर तिला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची ती सिस्टरच. आयसीयूत तिनं बरीच वर्षं काढलीत, करोनाची दोन वर्षं धरून.

अण्णांनी चष्मा पुसत विचारलं, "बांधलंस. आत काम कोण करणार?"

"सैन्यातले चौदाशे लोक आणले होते ना तिथं."

"आणि बाकीच्या हुबेई प्रांतात?"

"देशभरातून बेचाळीस हजारांवर माणसं पाठवली," बाळ्या म्हणाला आणि म्हणता म्हणता त्यालाच कळलं आपण कुठे सापडलो ते.

"म्हणजे तयार नाही केली. इकडची उचलून तिकडे नेली," अण्णा म्हणाले. उभी हयात लेखा विभागात गेलेला माणूस तो. रक्कम या खात्यातून त्या खात्यात गेली की कुणी तिला नफा म्हणू लागलं तर त्यांना सहन होत नाही. "एका घराला आग लागली तर शेजारची बादली मिळते रे. सगळी आळी पेटली की बादली कुणाची मागशील?"

आता सिस्टर बोलली. "लंडनचं बघ. तिथल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रात नऊ दिवसांत रुग्णालय उभारलं, ३ एप्रिल २०२० ला उद्घाटन. चार हजार खाटांपर्यंत नेता येईल म्हणाले. पहिल्या लाटेत तिथं पेशंट किती झाले? ५४."

"गरजच पडली नसेल."

"तेही एक कारण. शहरातल्या रुग्णालयांनी आपापल्या खाटा वाढवल्या, तिथंच बरेचसे सामावले. पण नर्स नाहीत म्हणून काही पेशंट तिथं घेता आले नाहीत, अशाही बातम्या तेव्हा आल्या होत्या. आणि नाव काय दिलं होतं? नाइटिंगेल!"

इथं मला राहवलं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०२० मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ते वर्ष नर्स आणि सुईणींचं म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संघटनेचा अहवाल आला: जगात नर्स २ कोटी ८० लाख, आणि कमी पडतात ५९ लाख. ही तूट करोनाच्या आधीची. सत्कार घडावा तर असा.

बाळ्या हटला नाही. "ठीक आहे, हजार खाटांना हजार नर्स. शोधू की!"

"मोबाइल काढ," सिस्टर म्हणाली. "हिशोब कर. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला चोवीस तास एक नर्स हवी. आठवड्याचे तास किती?"

"एकशे अडुसष्ट."

"एक नर्स आठवड्याला चाळीस तास करते असं धर."

"चार पूर्णांक दोन."

"आता रजा, आजारपण, बाळंतपण, ट्रेनिंग. पाचातली एक कायम रोस्टरबाहेर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यात चारच. म्हणून भाग पॉइंट आठनं."

बाळ्यानं आकडा बघितला. "सव्वापाच."

"एका खाटेला सव्वापाच. शांततेच्या काळात. साथीत पाचातली एक नाही, तिघींतली एक बाहेर धर, स्वतः पॉझिटिव्ह नाहीतर विलगीकरणात. पीपीई किट घालून पूर्ण शिफ्ट ओढवत नाही, म्हणून तास कमी करावे लागतात. चाळीसाच्या जागी तीस टाक."

आठ पूर्णांक चार आलं. अण्णांनी दोनदा तपासून घेतलं, बरोबर होतं. बाळ्याच्या हजार खाटा सगळ्या आयसीयूच्या धरल्या तर आठ हजार चारशे नर्स. डॉक्टर, तंत्रज्ञ, सफाईवाले यात धरलेले नाहीत.

मला वाटतं धोरणं करणारे नेमके इथंच चुकतात. ते डोकी मोजतात, कागदावर अमुक इतके डॉक्टर, तमुक इतक्या नर्स. रुग्णालय चालतं शिफ्टवर, आणि शिफ्टचा हिशोब ठेवते रोस्टर लावणारी इन्चार्ज. तिला बैठकीला कुणी बोलावत नाही.

बाळ्यानं दुसरा मार्ग काढला. "मग माणसं लवकर तयार करा. इटलीनं मार्च २०२० मध्ये शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरांची परवान्याची परीक्षाच रद्द केली, दहाएक हजार पोरं सरळ कामाला. भारतानंही मे २०२१ मध्ये पदव्युत्तर प्रवेश परीक्षा चार महिने पुढं ढकलून डॉक्टर मोकळे केले. शंभर दिवस करोना ड्युटी केली तर सरकारी नेमणुकीत प्राधान्य म्हणाले. ब्रिटननं निवृत्त डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी दिली, अकरा हजारांवर. न्यूयॉर्कला नव्वद हजारांवर स्वयंसेवकांनी नावं दिली!"

"नावं दिली. त्यातल्या कामावर किती घेतल्या?" सिस्टर म्हणाली. "नाव आलं की परवाना तपासायचा, कुठल्या विभागात कधी काम केलंय ते विचारायचं, कुठे पाठवायची ते ठरवायचं, राहायची सोय करायची. हे काम करायलाही माणूस लागतो आणि तोच त्या वेळी नसतो. बऱ्याच जणी फोनची वाट बघत घरीच राहिल्या. आणि निवृत्त डॉक्टर म्हणजे साठीच्या पुढचे. हा आजार नेमका कुणाला धरत होता, आठव."

मग तिनं पेशंटला पालथं करतात त्याबद्दल सांगितलं. हे मी जसंच्या तसं लिहितो.

"फुप्फुसं भरली की पेशंटला पालथं झोपवतात, सोळा-सोळा तास. हे एकटीचं काम नाही, पाच ते सात जण लागतात. एक जण डोक्याशी. त्यानं फक्त तोंडातली नळी धरायची, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. नळी निसटली तर मिनिटांत खेळ संपतो. बाकीचे दोन्ही बाजूंना. आधी डोळ्यांत मलम घालून पापण्या बंद करायच्या, सलाइनच्या लाइनी सोडवून घ्यायच्या, छातीवरचे ईसीजीचे पॅच काढायचे. पेशंटला दोन चादरींत घट्ट गुंडाळायचं, एका कडेला सरकवायचं, मग कुशीवर, मग पालथं. 'एक दोन तीन' डोक्याशी उभा असलेल्यानंच म्हणायचं. गॉगलवर वाफ धरलेली असते, म्हणून तो ओरडून म्हणतो. तेव्हा आमच्या मदतीला एक सर्जरी वॉर्डची नर्स दिली होती. माझ्यापेक्षा सीनियर, जखमा बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की ती माझ्याकडे बघायची. तिची काय चूक? मला दोन हात जास्त मिळाले, डोळे माझे दोनच राहिले. माझा पेशंट बघायचा, तिचा बघायचा आणि तिलाही बघायचं."

लंडनच्या त्या रुग्णालयाचं नियोजनसुद्धा असंच होतं: एका प्रशिक्षित आयसीयू नर्सच्या देखरेखीखाली सहा पेशंट, मदतीला इतर विभागांतली माणसं. कागदावर ही युक्ती छान दिसते.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पटलं सगळं. पण मला पैशाचं सांगा. साथ शंभर वर्षांनी येते की दहा, कुणाला ठाऊक. तोवर जादा माणसं बसवून पगार द्यायचा? कुठला अर्थमंत्री देईल?"

"अग्निशमन दलाला देतातच की," बाळ्या. निदान या मुद्द्यावर तो आमच्या बाजूला आला होता.

"आग रोज कुठे ना कुठे लागते."

"आणि आयसीयू रोज रिकामं असतं का, अण्णा?" सिस्टरचा आवाज चढला. "जादा माणसं म्हणता, आधी मंजूर जागा तरी भरा. रोजच तीन जणींचं काम दोघी ओढत असतील, तर साथीत ताणायला उरतं काय? रबर आधीच ताणलेलं. मी बसून खाणारी माणसं मागतच नाही. वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला वर्षातून दोन आठवडे आयसीयूत काम द्या. तेवढ्यानं अलार्म ओळखीचे राहतात. कुणाला काय येतं, कोण कुठे राहतं, याची यादी दरवर्षी ताजी ठेवा. खर्च फार नाही याला."

"दोन आठवडे ती आयसीयूत गेली की वॉर्डात कोण?" अण्णांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सिस्टरनं दोन्ही हात वर केले. म्हणजे जादा माणसं हवीतच, थोडी का होईना. अण्णा कबूल झाले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. अण्णांकडून याहून जास्त मिळत नाही.

मी म्हटलं, मिळवण्याचं एवढं बोलतोय, गमावण्याचं काय? इबोलाच्या साथीत लायबेरियानं डॉक्टर, नर्स आणि सुईणी मिळून जवळजवळ आठ टक्के माणसं गमावली, आणि तिथं ती आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. साथ गेल्यावरही बाळंतिणींना सोडवायला माणसं अपुरीच. करोनात मे २०२१ पर्यंत जगभरात आरोग्य कर्मचारी किती गेले? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ८० हजार ते १ लाख ८० हजार. अंदाजाच्या दोन टोकांमध्येच लाखभर माणसं! नीट मोजलंसुद्धा नाही आपण.

"२००३ च्या सार्सच्या साथीतच कळायला हवं होतं," सिस्टर म्हणाली. "तेव्हा जगातल्या दर पाच रुग्णांमागे एक आरोग्य कर्मचारी होता. कॅनडात तर दहातले चार. टोरोंटोच्या कितीतरी नर्स पोट भरायला दोन-तीन रुग्णालयांत तुकड्या-तुकड्यांनी काम करायच्या. संसर्ग त्यांच्याबरोबर फिरू शकतो हे तेव्हाच लक्षात आलं. तरी २०२० मध्ये वृद्धाश्रमांत पुन्हा तेच."

"मग एकाच ठिकाणी काम करायची सक्ती करायची," बाळ्या.

"कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं मार्च २०२० मध्ये केली. पण पगारही सारखे केले आणि पूर्ण तास मिळतील असं बघितलं. नुसती सक्ती केली असती तर अर्ध्या पगारात घर कुणाचं चाललं असतं?"

फिलिपिन्सवर खरं भांडण जुंपलं. एप्रिल २०२० मध्ये त्या देशानं आपल्या नर्सना परदेशी नोकरीवर जायला बंदी केली, नंतर वर्षाला पाच हजार अशी मर्यादा घातली. बाळ्याला हे एकदम पसंत. देशानं शिकवलं, संकटात देशातच राहा.

"देशात पगार किती, कंत्राट किती महिन्यांचं, ते नाही विचारलंस," सिस्टर तडकली. "टाळ्या वाजवायच्या आणि बाहेरून कडी लावायची."

मी दोघांच्या मधोमध होतो, अजूनही आहे. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या तयार नर्स उचलणं हा चोरीचाच सभ्य प्रकार आहे. आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता आहे खरी, पण ती ऐच्छिक, म्हणजे पाळली तर पाळली. पण ज्या बाईनं जायचं ठरवलंय तिला अडवून तिच्याकडून मायेनं सेवा करून घेता येईल, असं मला वाटत नाही.

अंधार पडला तशी मंडळी उठायला लागली. तेव्हा बाळ्यानं सहज विचारलं, "सिस्टर, त्या ताज्या यादीत तुझं नाव असेल ना? पुढच्या वेळी पहिला फोन तुलाच."

ती म्हणाली, "मी आयसीयू सोडून दोन वर्षं झाली. आता नर्सिंगच्या पोरींना शिकवते."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. रोजचा कट्टा असून.

"सोडलं तेव्हा आयकार्ड घेतलं, लॉकरची किल्ली घेतली, ना-हरकतवर सात सह्या घेतल्या. कधी गरज पडली तर येशील का, हे कुणी विचारलं नाही. नंबरही बदललाय माझा."

"आणि विचारलं असतं तर?" अण्णा.

"मीही विचारलं असतं, एका खाटेला किती जणी देणार?"