टेप फेकून देऊ नका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं सुरू असतानाच एक फॉरवर्ड येऊन पडला: ‘कॅमेरा त्रिमितीचं द्विमितीत रूपांतर करतो, एआय तेच गणित उलटं सोडवतं. आता एका फोटोवरून कशाचंही अचूक माप निघतं. मोबाइलमधलं मोजणारं ॲप हाच पुरावा. टेप फेकून द्या!’ सेक्रेटरींनी लगेच अंगठा दिला. दिवसभर कॅमेऱ्याच्या कोडशी झटापट करणाऱ्या मला काही गप्प बसवेना.

‘उलटं सोडवतं’ म्हणे. फोटोतली उंची म्हणजे खरी उंची भागिले अंतर, गुणिले फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती जवळ ओढून दाखवते, तो आकडा; इथे पिक्सेलमध्ये). फोकल लेंथ 1000 पिक्सेल धरा. दादरच्या फलाटावर 10 मीटरवर उभा असलेला 1.7 मीटरचा माणूस फोटोत 170 पिक्सेल भरतो. 20 मीटरवरचा 3.4 मीटरचा बोर्डही 170च! भागाकारात अंतर गिळलं गेलं. नुसत्या 170 वरून ते परत कुठून आणणार? एआय अंदाज बांधतं, कारण माणसं साधारण केवढी असतात हे त्याने लाखो फोटोंत पाहिलेलं असतं. अंदाज बरेचदा चांगला असतो, पण ‘अचूक’ हा शब्द तिथे शोभत नाही. तोच माणूस 100 मीटरवर गेला तर उरतात 17 पिक्सेल. एक पिक्सेल इकडेतिकडे, की 10 सेंटिमीटर गेले.

मोबाइलचं ॲप? ते एका फोटोवर चालतच नाही. फोन हलवायला सांगतं ना, ते उगाच नव्हे: अनेक फ्रेम आणि फोनमधले हालचालीचे सेन्सर मिळून अंतर ठरतं. काही फोनांत लायडारही (लेझरच्या प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) असतो.

फॉरवर्डात तथ्य आहे, पण सपाट पृष्ठभागापुरतं. जमिनीवरचे चार बिंदू (कुठलेही तीन एका रेषेत नकोत) मोजलेले असतील, तर होमोग्राफीने (फोटोतला बिंदू सपाट जमिनीवर नेमका कुठे, हे सांगणाऱ्या गणिताने) त्या जमिनीवरचं बाकी सगळं मोजता येतं. सीसीटीव्हीची लेन्स रुंद असते, पार्किंगचे सरळ पट्टेही कडेला वाकलेले दिसतात. आधी तो बाक काढावा लागतो. मग चाक पट्ट्याच्या आत टेकलंय की बाहेर, हे नक्की कळेल. गाडीचा टप मात्र जमिनीवर नाही. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यात तो पलीकडच्या जागेत घुसलेला दिसणार, आणि 302 वाले पुन्हा भांडायला येणार.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, चार खुणा चुन्याने मारा, आणि त्यांच्यातलं अंतर मोजायला टेप घेऊन या.