लिंबू पिळा, पण मिसळीवर

आमच्या तालमीच्या ग्रुपवर २०२० सालचा तो मेसेज परवा परत फिरत आला. म्हणे कोरोनाचा विषाणू पेशीच्या भिंतीला भोक पाडून घुसतो. त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ ते ८.५, म्हणून त्याहून जास्त पीएचचं खा: लिंबू ९.९, अ‍ॅव्होकॅडो १५.६. शिवाय कसलेल्या अंगात तो शिरतच नाही!

लिंबाचं आधी उरकतो. मिसळीच्या टेबलावर निळ्या लिटमसची पट्टी ठेवली, फोडीतला एक थेंब पाडला. पट्टी लालभडक. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि शाळेतली पीएचची पट्टी १४ ला संपते. अ‍ॅव्होकॅडो कोल्हापुरात कोण खातंय ते सोडाच.

आता भोक. माणसाच्या पेशीला भिंतच नसते, मेदाचं पातळ पटल असतं. सुईसारखी नळी खुपसणारे विषाणू आहेत, पण ते जिवाणूंवर जगतात. माणसात शिरणाऱ्यांपैकी फ्लूचाच विषाणू घ्या: तो पेशीवरच्या सायलिक आम्ल नावाच्या साखरेला नुसता चिकटतो. पुढची हमाली पेशीच करते. पटल आत दबतं, क्लॅथ्रिन नावाचं प्रथिन आतून त्याभोवती जाळी विणतं आणि विषाणूसकट एक बुडबुडा तुटून आत येतो. आत घेतलेल्या कुठल्याही मालासारखाच समजून पेशी त्यात पंपानं आम्ल भरते. पीएच साडेपाचच्या आसपास उतरला की विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन चाप सुटल्यासारखं उलगडतं, बुडबुड्याच्या पटलात रुततं, दोन्ही पटलं एक होतात. जनुकं आत मोकळी. म्हणजे मेसेजवाला ज्या आम्लाला भितोय, ते ताटातून येत नाही, पेशी स्वतः तयार करते. जेवणानं रक्ताचा पीएचसुद्धा हलत नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात.

त्या बुडबुड्यातलं आम्ल मारायचा प्रयत्न झालाय, क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधानं. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत कोरोना अडला. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत नाही. तिथं टीएमपीआरएसएस-२ नावाची प्रथिनाची कात्री पेशीच्या पृष्ठभागावरच विषाणूवरचा काटा छाटून देते, बुडबुड्याची गरजच उरत नाही. ही कात्रीही पेशीचीच.

राहिलं कसलेलं अंग. कोरोना पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरतो ते एसीई-२ रक्तदाब आवरायच्या कामाचं आहे. ते पैलवानालाही असतं. एचआयव्हीला लागणारं सीसीआर-५ हे प्रथिन काही मोजक्या लोकांच्या पेशींवर नसतं, आणि एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना तिथं शिरता येत नाही. पण ते जन्मतःच नसतं, जोर-बैठका मारून जात नाही, मर्दा.