बॉयलरला सर्टिफिकेटवाला लागतो, पत्र्यावर मात्र कुणीही चढतं

वळीव झोडपून गेला की आमचे फोन वाजायला लागतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं कुठल्या ना कुठल्या शेडचे पत्रे उडालेले असतात आणि प्रत्येक मालकाला पुढच्या पावसाच्या आत छप्पर बंद करून पाहिजे असतं. रास्त आहे, खाली माल भिजतोय. पण फोनवर विचारतात ते एवढंच: किती माणसं, किती दिवस, किती रुपये. चढणारा माणूस कोण, त्याला हे काम येतं का, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतकी वर्षं फॅब्रिकेशनचा धंदा करताना मला एकाही पार्टीनं विचारलेलं नाही.

म्हणून स्पष्टच लिहितो. जिवावरच्या कामाला परवाना पाहिजे. तोही ठेकेदाराच्या नावाचा नको, चढणाऱ्या माणसाच्या नावाचा पाहिजे. मी स्वतः ठेकेदार आहे. उद्या ही सक्ती झाली तर पहिली कटकट माझ्याच मागं लागणार, हे कळून सांगतोय.

आपल्याकडं परवाना काही नवीन नाही. इचलकरंजीतल्या कुठल्याही सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, जा. बॉयलर चालवायचा तर परीक्षा पास झालेला, सर्टिफिकेटवाला अटेंडंट लागतो. कायद्याच्या हिशोबात 25 लिटरच्या वरचं, दाबाखाली वाफ तयार करणारं भांडं म्हणजे बॉयलर. म्हणजे तसं बघितलं तर फार मोठं असायचीही गरज नाही. आता त्याच सायझिंगचं छप्पर बदलायचं असू दे. तीस फुटांवर जो पोरगा चढतो त्याच्याकडं आधार कार्ड सोडून काही नसतं. खाली बॉयलरपाशी सर्टिफिकेट, वर पत्र्यावर देवाचं नाव.

असं का झालं? 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, मोठा अनर्थ झाला, आणि 1864 मध्ये बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा आला. 1923 मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा झाला. त्याची जागा आता 2025 च्या नव्या बॉयलर कायद्यानं घेतली आहे. 1923 हेच साल कामगार नुकसानभरपाई कायद्याचंही आहे. बॉयलर फुटू नये म्हणून एक कायदा आणि माणूस गेल्यावर किती द्यायचे हे सांगणारा दुसरा. बॉयलर फुटला तर मालकाची भिंत जाते, शेजाऱ्याचं घर जातं, गावभर आवाज होतो. पत्र्यावरनं पडणारा एकटाच पडतो. माझ्या मते एवढंच कारण आहे. कुणाकडं याहून चांगलं असेल तर ऐकायला तयार आहे.

"पत्रे बसवायला काय अक्कल लागते?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा जुन्या फाउंड्रीच्या छपराकडं नीट बघावं. सिमेंटचे पत्रे, आणि उजेडासाठी मधे मधे फायबरचे. नवीन असताना फायबरचा पत्रा लगेच ओळखू येतो. काही वर्षांनी वाळूची धूळ, काजळी आणि शेवाळ बसून दोन्ही एकाच रंगाचे होतात. वरनं बघितलं तर सरसकट काळं छप्पर. फायबरवर पाय पडला तर माणूस थेट खाली. सिमेंटचा पत्राही जुना झाला की वजन घेत नाही, आणि मोडताना आधी करकरतही नाही. जाणता गडी चढल्यावर आधी पत्रा आवळणाऱ्या जे-बोल्टची ओळ शोधतो, कारण बोल्ट तिथं खाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा लोखंडी आधार. त्या ओळीवरनंच चालायचं, दोन ओळींच्या मधे पाय टाकायचा नाही, आणि जिथं काम करायचं तिथं आडवी शिडी नाहीतर फळी टाकून वजन दोन-तीन पर्लिनवर वाटून घ्यायचं. फायबर कुठं कुठं आहे ते चढायच्या आधी शेडमध्ये खाली उभं राहून, उजेड कुठनं येतोय ते बघून खडूनं लिहून घ्यायचं. अर्ध्या दिवसात शिकवता येईल असं हे ज्ञान आहे. पण ते शिकवलं का, आलंय का, हे प्रत्यक्षात कुणीच बघत नाही.

बेल्टचं तर विचारूच नका. कंपनीच्या गेटवर सेफ्टीवाला बेल्ट आहे का बघतो, फोटो काढतो, आत सोडतो. वर गेल्यावर हूक पाठीवर लोंबकळत असतो, कारण अडकवायला दोरखंडच बांधलेला नसतो. दोरखंड कुठं बांधायचा, कशाला बांधायचा नाही, ते परीक्षेत विचारलं पाहिजे. बेल्ट घालता येतो का, हा प्रश्न नाहीच.

हायड्राची, म्हणजे चाकांवरच्या क्रेनची, पण तीच कथा. ऑपरेटरकडं लायसन असतं, पण ते रस्त्यावर गाडी चालवायचं. बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब काढली की तीच हायड्रा किती कमी वजन उचलते, चार्ट कसा वाचायचा, भरावाच्या मऊ जमिनीवर ट्रस (छपराचा लोखंडी सांगाडा) घेऊन वळताना काय होतं, हे ते लायसन विचारत नाही. आणि खाली पट्टा बांधून हाताची खूण करणारा खलाशी, ज्याच्या भरवशावर सगळा भार हवेत असतो, त्याच्याकडं तर तेही नाही.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात गोदामात कामाला आहे. तिथं फोर्कलिफ्ट चालवायला हाय रिस्क वर्क लायसन लागतं. क्रेनला लागतं, भार बांधून खूण करणाऱ्याला लागतं, आणि जिथनं माणूस किंवा वस्तू 4 मीटरपेक्षा जास्त उंचीवरनं पडू शकते अशी परांची बांधणाऱ्यालाही लागतं. वय किमान 18, मुदत 5 वर्षं, आणि एका राज्यात काढलेलं सगळ्या देशात चालतं. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की लायसन माणसाचं आहे. मालक बदलला तरी ते त्याच्या खिशात.

हे मी आमच्या धंद्याच्या ग्रुपवर टाकलं तर काय गोंधळ झाला! एकानं लिहिलं, "म्हादबा मेस्त्रींकडं कुठलं सर्टिफिकेट होतं? त्यांच्यासारख्यांनी हे उद्यमनगर उभं केलं." मुद्दा बिनतोड वाटतो, आणि म्हादबा मेस्त्री म्हणजे इथले जुने नावाजलेले कारागीर, त्यांचं नाव निघालं की कोल्हापुरात कुणी पुढं बोलत नाही. पण लेथवर चूक झाली तर जॉब भंगारात जातो, माणूस उद्या परत उभा राहून शिकतो. पत्र्यावर दुसरी संधी नसते. शिकायची ती रीत तिथं चालतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: परवाना आला की एजंट आला, एजंट आला की रेट आला. खोटं कसं म्हणू? वीज कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही लागते. सही एकाची आणि वायरिंग करणारा दुसराच, ही घरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. बांधकाम कामगाराच्या नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तोही कसा मिळतो ते कुणाला सांगायला नको. (त्या नोंदणीवर मिळणाऱ्या भांड्यांच्या संचाला कागद लागतो, परांचीवर चढायला लागत नाही, हे आणखी एक.) पण बघा, ह्या दोन्ही ठिकाणी सही किंवा दाखला देणारा वेगळा आणि जीव धोक्यात घालणारा वेगळा. म्हणून तर मी म्हणतोय की कार्ड माणसाच्या नावावर, त्याच्या फोटोसकट, आणि परीक्षा पेनानं नाही, पायानं. खोटा ट्रस उभा करा, त्यावर पत्रे टाका, आणि चालून दाखवायला सांगा. प्रश्न तोंडी, मराठीत आणि हिंदीत, कारण निम्मी पोरं आता बाहेरची आहेत. वीस वर्षं पत्र्यावर घालवलेला पण सही करायला न येणारा म्हातारा ती परीक्षा हसत पास होईल. डिप्लोमावाला कदाचित नाही.

आणि काही कामांना परवानासुद्धा नको, बंदीच पाहिजे. सुरक्षेची साधनं न देता गटारीच्या टाकीत माणूस उतरवणं हातानं मैला साफ करण्यावरच्या 2013 च्या बंदी कायद्यात बसत नाही, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरनं 30 लाख केली. तिथं ट्रेनिंगच्या गप्पा मारू नयेत.

खर्चाचं म्हणाल तर कार्डवाल्याला हजेरी जास्त द्यावी लागेल. द्यायलाच पाहिजे.

माझा मावसभाऊ एका साखर कारखान्यात फर्स्ट क्लास अटेंडंट होता. ऐन हंगामात एका रात्री गेज ग्लासात, म्हणजे बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसेना. वरनं निरोप, स्टीम कमी करू नको, गाळप थांबेल. त्यानं जाळ कमी करायला लावला. साहेब तणतणत खाली आले तर म्हणाला, "साहेब, सर्टिफिकेट माझ्या नावचं हाय. फुटलं तर मलाच विचारणार." साहेब काही बोलले नाहीत, बोलता येत नव्हतं. पत्र्यावरच्या पोराला हेच वाक्य म्हणता येत नाही. वारं सुटलंय, मी चढत नाही, असं म्हणाला तर संध्याकाळपर्यंत दुसरा पोरगा आणला जातो, आणि तो पहिल्यापेक्षा नवखा असतो.

सरकार करेल तेव्हा करेल. स्मॅक, गोशिमा, इंजिनिअरिंग असोसिएशन ह्या इथल्या कारखानदारांच्या संघटना, तिन्हीकडचे लोक माझ्या यादीत आहेत, हे वाचत असतील. कळंब्याच्या आयटीआयच्या आवारात, त्यांनी परवानगी दिली तर, एक ट्रस उभा करू. जमिनीपासून आठ फुटांवर, खाली जाळी. कार्डाला आज कायद्याचा आधार नसेना, आपल्या मेंबर कंपन्यांनी ठरवलं की कार्डाशिवाय छपरावर कुणी नाही, तरी जिल्ह्यात फरक पडेल. ट्रस मी देतो, पर्लिनसकट, फुकट. जुने पत्रे तुमच्याकडं कुणाकडं तरी पडलेले असतीलच. हायड्राचं भाडं कोण देणार तेवढं सांगा, आणि ऑपरेटर जरा बरा बघून पाठवा.