‘तक्रारीनंतर बदली झाली तर कोर्ट काही करत नाही’ हे खरं नाही

ऑफिसच्या ग्रुपांवर एक मेसेज गेली काही वर्षं थोडंथोडं रूप बदलत फिरतो आहे. त्याचं सार असं : नोकरीत भेदभाव किंवा छळ झाला तरी तक्रारीच्या भानगडीत पडू नका. तुमची बदली होईल आणि बदलीला कोर्ट हात लावत नाही. वैतागून राजीनामा दिलात तर हक्क संपले. आरोप सिद्ध झाला नाही तर उलट तुमच्यावरच कारवाई. आणि खासगी कंपनीला तर समानतेचा नियमच लागू नाही.

पाठवणारे बहुतेक वेळा काळजीपोटीच पाठवतात. पण हा मेसेज वाचून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्या गप्प बसण्यात काहींची मुदत निघून गेलेलीही पाहिली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला बदलीचा, कारण भीती खरी त्याचीच असते. बदली हा मालकाचा अधिकार आहे, हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. बिहारमधल्या शिक्षिकांच्या बदल्यांच्या प्रकरणात १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की बदलीच्या नोकरीत एकाच जागी राहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि कोर्टांनी अशा आदेशांत ऊठसूट ढवळाढवळ करू नये. मेसेज इथे थांबतो. निकाल थांबत नाही. बदली बंधनकारक नियम मोडून किंवा आकसाने झालेली असेल तर कोर्ट ती तपासणार, हा अपवाद त्याच निकालात आहे.

हा अपवाद नुसता कागदावर नाही. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेतल्या एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याचं प्रकरण पाहा. मद्य ठेकेदारांच्या खात्यांतल्या अनियमिततांबद्दल त्यांनी वरिष्ठांना वारंवार लेखी कळवलं होतं. झोनल मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही होती. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा शाखेत झाली. त्या होत्या स्केल चारच्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या, अधिकारी आणि ती शाखा होती स्केल एकच्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, अधिकाऱ्याची. प्रशासकीय गरज म्हणून बदली केली असं म्हणणाऱ्या बँकेला, स्केल चारचा माणूस स्केल एकच्या खुर्चीवर कशासाठी हवा होता, याचं पटेल असं उत्तर देता आलं नाही. हायकोर्टाने बदली रद्द केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. या अधिकाऱ्याचा तक्रारींमुळे बळी घेतला गेला, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं, त्यांना पुन्हा इंदूरला नेमायला लावलं आणि ५०,००० रुपये खर्चही द्यायला लावला. बँकेच्या अंतर्गत तक्रार समितीवर (लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी ऑफिसातली समिती) बाहेरची तटस्थ सदस्य म्हणून बँकेच्याच पॅनेलवरच्या वकील होत्या, हेही कोर्टाच्या नजरेतून सुटलं नाही.

आकस कुणी आदेशात लिहून ठेवत नाही. तो दिसतो तारखांच्या क्रमात, पदाच्या न जुळण्यात, स्वतःचंच बदली धोरण मोडण्यात. भोपाळहून शिलाँगला बदली झालेल्या एका केंद्र सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकरणातही २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच पाहिलं. निनावी तक्रारीवरून बदली झाली होती. शिक्षा द्यायची तर रीतसर चौकशी करून द्या, बदलीच्या आडून नको, असं म्हणत कोर्टाने तो आदेश रद्द केला.

लैंगिक छळाच्या तक्रारीत तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्येच बदलीची तरतूद आहे, आणि ती तक्रारदाराच्या बाजूने आहे. चौकशी चालू असताना तिने लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा समोरच्याची बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. मागणी तिची हवी. ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी तुम्हाला दुसरीकडे हलवतोय’ असं एचआरने परस्पर ठरवणं हे या कलमात बसत नाही.

‘राजीनामा दिलात तर सगळं संपलं.’ मध्य प्रदेशातल्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची जुलै २०१४ मध्ये शैक्षणिक वर्षाच्या मधेच ग्वाल्हेरहून सीधीला बदली झाली. मुलगी बारावीला होती. तिची परीक्षा होईपर्यंत थांबू द्या, ही विनंती फेटाळली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींवर केलेला छळाचा आरोप चौकशी समितीपुढे सिद्ध झाला नाही. ‘मग विषयच संपला’ असं मेसेजवाले म्हणतील. पण त्याच समितीने बदली नियमबाह्य ठरवली, आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने असहाय करून घेतलेला राजीनामा स्वेच्छेचा मानता येत नाही असं ठरवून त्यांना ज्येष्ठतेसह सेवेत परत घ्यायला लावलं. मागचा पगार मात्र मिळाला नाही. एवढ्या वर्षांची ही भरपाई मला अपुरी वाटते. पण हक्क संपले होते असं म्हणायला या निकालात जागा नाही.

आरोप सिद्ध झाला नाही तर तक्रारदारावर कारवाई होते, हा मुद्दा सर्वांत घातक, आणि त्याला उत्तर द्यायला निकालांचीही गरज नाही. त्याच २०१३ च्या कायद्याचं कलम १४ वाचलं की पुरे. तक्रार खोटी असल्याचं ठाऊक असताना किंवा दुष्ट हेतूने केली असेल, खोटी कागदपत्रं दिली असतील, तरच कारवाईची शिफारस होऊ शकते, आणि तो हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध करावा लागतो. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून कारवाई होऊ नये, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. शाबीत न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काही संस्थांच्या अहवालांत त्या सर्रास एक केल्या जातात, आणि समितीवर बसणाऱ्यांनी निदान हे तरी करू नये.

‘अंगाला हात लागला नसेल तर केस होत नाही’ हे त्याच मेसेजचं शेपूट. १९९९ मध्येच सुप्रीम कोर्टाने ते निकालात काढलं आहे.

खासगी कंपनीबद्दलचा मुद्दा पुन्हा अर्धवट खरा. घटनेची समानतेची १४ ते १६ ही कलमं शासनाला बांधतात आणि इंदूरच्या बँकेसारखी रिट याचिका (थेट हायकोर्टात केलेली) खासगी कंपनीविरुद्ध सहसा चालत नाही. पण कायदे चालतात. मुंबईची मॅकिनन मॅकेन्झी ही खासगी कंपनी. तिथे गोपनीय कामं करणाऱ्या महिला लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. नोकरी गेल्यानंतर त्यातल्या एकीने समान वेतनाच्या कायद्याखाली दाद मागितली. कंपनीने आर्थिक अडचण पुढे केली. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काम साधारण सारखं असेल तर पगार सारखाच द्यावा लागेल, ऐपतीचा प्रश्न इथे येत नाही. प्रसूतिरजेवर असलेल्या बाईला काढणं, अपंगत्व किंवा एचआयव्हीमुळे भेदभाव, ट्रान्सजेंडर व्यक्तीला डावलणं, यांविरुद्धचे कायदे खासगी आस्थापनांनाही लागू आहेत. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने सूडापोटी कामावरून काढणं आणि धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं या दोन्ही अनुचित कामगार प्रथा ठरवल्या आहेत.

खासगी नोकरीतला मॅनेजर मात्र या १९७१ च्या कायद्याच्या संरक्षणातून बहुतेक बाहेर राहतो, कारण कायद्याच्या लेखी तो ‘कामगार’ नसतो. त्याला काढलं तर करार आणि नुकसानभरपाई एवढाच मार्ग उरतो. ही उणीव खरी आहे, आणि मेसेजने ती मांडली असती तर मी त्याला दुजोराच दिला असता.

मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ती गोष्ट मुदतीची. लैंगिक छळाची लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे नाही. कोलकात्यातल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापिकेने एप्रिल २०२३ च्या घटनेची तक्रार २६ डिसेंबर २०२३ रोजी दिली. ऑगस्टमध्ये एका केंद्राच्या संचालकपदावरून आपल्याला काढलं तो त्याच छळाचा पुढचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. पदावरून काढणं ही वेगळी, प्रशासकीय बाब ठरली आणि तक्रार मुदतबाह्य झाली. मला हा निकाल फार कडक वाटतो, कारण सूड नेमका तक्रारीचं तोंड दाबण्यासाठीच उगवला जातो. पण आज कायदा असा आहे. म्हणून बदली होते का, मेमो येतो का, याची वाट पाहत छळाची तक्रार अडवून धरू नका. ती लगेच लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. नंतर बदली झालीच तर त्याविरुद्ध वेगळी दाद मागा, आणि तेव्हा ही तारखेची पोचच तुमचा पहिला पुरावा असेल.